आजीचं कार्ड आजीच्या नावानं



कार्डाच्या कामासाठी गावात गेलं की आम्हाला बहुतेक घरी एकच उत्तर मिळतं. "आजीचं नाव रेशन कार्डात आहे ना, मग आणखी कशाला?" उत्तर चुकीचं नाही, पण अर्धंच आहे. उरलेलं अर्धं ५ लाख रुपयांचं आहे, म्हणून आज त्यावर बोलू.

आपल्याकडे सरकारी आरोग्य विम्याच्या दोन वाटा आहेत. पहिली वाट गडचिरोलीला जुनी ओळखीची. जुलै २०१२ मध्ये राज्यानं राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू केली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत गडचिरोली होता. चंद्रपूरसह बाकीच्या जिल्ह्यांत ती पुढच्या वर्षी पोहोचली. तिलाच २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणतात. आधी दीड लाखाची मर्यादा होती. जुलै २०२३ च्या शासन निर्णयानं ती कुटुंबामागे वर्षाला ५ लाख झाली आणि पिवळ्या, केशरी कार्डांसोबत पांढरं कार्डही त्यात आलं. केंद्राची आयुष्मान भारत योजनाही आपल्या राज्यात हिच्याशी जोडून चालते.

इथे 'कुटुंबामागे' हा शब्द नीट ऐका. नातवाचा अपघात झाला, सुनेचं ऑपरेशन झालं, तर खर्च त्याच ५ लाखांतून जातो. आणि कुटुंब कोणतं, हे रेशन कार्ड ठरवतं. आता आपल्या घरांत काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. भाऊ वेगळे निघतात, चुली वेगळ्या होतात, रेशन कार्डं फुटतात. म्हातारी जेवते धाकट्याकडे आणि नाव असतं थोरल्याच्या कार्डात. दोघांचं बोलणं बंद असेल तर ऐन आजारपणात कार्ड कोण आणणार? काही ठिकाणी तर कार्ड फुटताना आजीचं नाव दोन्हीकडून सुटलेलं आम्ही पाहिलं आहे.

दुसरी वाट इथेच कामी येते. २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, गरीब असो की श्रीमंत, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. रेशन कार्डाचा रंग नाही, उत्पन्नाचा दाखला नाही, फक्त आधार लागतं. यातले वर्षाचे ५ लाख घरातल्या तरुणांबरोबर वाटायचे नसतात. घरात आजी-आजोबा दोघंही सत्तरीपुढचे असतील तर मात्र ते दोघांत मिळून. आजीच्या हातात तिच्या नावाचं कार्ड असलं की ती कोणत्या पोराच्या कागदावर आहे, हा प्रश्नच उरत नाही. आम्हाला ही गोष्ट पैशापेक्षा मोठी वाटते.

अडचण येते ती वयाची. अमक्या दुष्काळाच्या साली जन्मली, एवढंच माहीत असलेल्या बाईचं वय आधार काढताना कोणीतरी अंदाजानं टाकलेलं असतं. थोरला मुलगा साठीला आला आणि आई आधारवर सहासष्टची, अशी घरं आमच्या भागात आहेत. योजना आधारवरचंच वय धरते. जन्मतारीख एकदाच बदलून मिळते आणि त्यालाही पुरावा लागतो. आपल्या आज्या शाळेतच गेल्या नाहीत, तर दाखला कुठून येणार? "वय वाढवून देतो" म्हणत पैसे मागणारा भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा. आणि सत्तरी कागदावर भरली नाही म्हणून खचूही नका. पहिली वाट उघडीच आहे. मात्र तिचं नाव कोणाच्या रेशन कार्डात आहे, हे आजच बघून घ्या.

दुसरी अडचण बोटांची आणि फोनची. जन्मभर तेंदूपत्त्याचे पुडके बांधून, धानाची रोवणी करून बोटांच्या रेषा झिजतात आणि ठसा उमटत नाही. मोबाइलवर आकडा येतो म्हणावं, तर आधारला जोडलेला नंबर मुलाचा, आणि मुलगा गेलेला तेलंगणात मिरची तोडायला. अशा वेळी चेहरा दाखवून ओळख पटवायची सोय आहे. ठसा आला नाही म्हणून परत पाठवू लागले तर ती मागा. कार्ड आपले सरकार केंद्रात, योजनेतल्या रुग्णालयात किंवा आयुष्मान ॲपवर निघतं; आशाताईला विचारलंत तर शिबिर कधी आहे तेही कळेल. कार्ड मोफत आहे.

भद्रावतीच्या आयुध निर्माणीसारख्या केंद्राच्या नोकरीतून निवृत्त होऊन ज्यांच्याकडे सीजीएचएस आहे, त्यांना दोन्हींपैकी एक निवडावं लागतं. माजी सैनिकांच्या ईसीएचएसचंही तसंच. कामगार विमा किंवा खासगी विमा असणाऱ्यांना मात्र हे कार्डही मिळतं.

आता रुग्णालयाच्या दारातली गोष्ट. कार्ड आहे म्हणून सगळीकडे सगळं फुकट होत नाही. रुग्णालय योजनेत असावं लागतं, आणि तेही त्याच आजारासाठी. हाडांसाठी असलेलं रुग्णालय हृदयासाठी असेलच असं नाही. आत गेल्या गेल्या आरोग्यमित्राचं टेबल शोधा आणि पैसे भरण्याआधी विचारा: हा आजार इथे योजनेत बसतो का, आणि मंजुरीसाठी कागद पाठवले का? एका रुग्णालयात आमच्या ओळखीच्या घराकडून आधी अनामत मागितली होती. सोबतच्या सुनेनं आरोग्यमित्राला बोलावून आणलं आणि तेवढ्यावर विषय मिटला. नाहीच मिटला तर १५५३८८ किंवा १४५५५ वर फोन करून तक्रार द्या. जुना आजार आहे म्हणून नाकारता येत नाही. बीपी, शुगर, दमा आधीपासून असला तरी पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे.

पण विमा भरती झाल्यावरचा आहे. रोजच्या गोळ्या, नुसती तपासणी त्यात नाही. त्यासाठी आपलं प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून उपचार मोफत आहेत. मोतीबिंदूसाठीही कार्डाची वाट बघत बसू नका. जिल्हा रुग्णालयात अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून ते ऑपरेशन फुकट होतं.

मोठ्या आजारासाठी आपल्याला अजूनही नागपूर गाठावं लागतं. चंद्रपूरला वैद्यकीय महाविद्यालय आहे, गडचिरोलीचं २०२४ मध्ये सुरू झालं, तरी गडचिरोलीहून नागपूर दीडशे किलोमीटरहून लांबच. जाण्याचा खर्च विमा देत नाही. तातडी असेल तर १०८. तारीख ठरवून जायचं असेल तर ७५ पूर्ण झालेल्यांना एसटी मोफत आहे, ६५ ते ७५ वाल्यांना निम्मं तिकीट, आणि बायांना तर कोणत्याही वयात निम्मं. सोबत जाणारी बाईच असेल तर तेवढा खर्च वाचतो.

सिरोंचाच्या मैत्रिणींनी एक लक्षात ठेवावं. तुमची माणसं उपचाराला गोदावरी, प्राणहिता ओलांडून मंचेरियल, वरंगलकडे जातात. राज्याची योजना मुख्यतः राज्यातल्या रुग्णालयांसाठी आहे. आयुष्मानचं कार्ड मात्र देशभरातल्या योजनेतल्या रुग्णालयांत चालतं, आणि तेलंगणाही २०२१ पासून आयुष्मान भारतमध्ये आहे. निघण्याआधी १४५५५ वर त्या रुग्णालयाचं नाव सांगून विचारून घ्या.

भामरागडकडच्या घरांना आमचं सांगणं वेगळं आहे. पर्लकोटेला पूर आला की रस्ताच बंद होतो, मग ना केंद्र ना शिबिर. तेंदूचा हंगाम संपल्यावर आणि पाऊस लागायच्या आत कार्ड काढून घ्या. आजी फक्त माडिया बोलत असेल तर तिच्यासोबत मराठी बोलणारी एक सून किंवा नात पाठवा, आणि ती कोण जाणार हे आत्ताच ठरवून ठेवा.