वृद्धाश्रमातली शुश्रूषा

जिल्ह्याला किमान 150 निराधार वृद्धांची सोय असावी, सरकारी रुग्णालयात साठीपुढच्यांची रांग वेगळी असावी, असे 2007 चा ज्येष्ठ नागरिक कायदा सांगतो. पाथरीसारख्या तालुक्याच्या गावी साधे उपचार ग्रामीण रुग्णालयात होतात, गुंतागुंतीसाठी परभणी गाठावी लागते. म्हणून वृद्धाश्रमात काळजीवाहकाची नजर महत्त्वाची. अंथरुणाला खिळलेल्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलली नाही, तर पाठीला जखमा होतात. म्हातारपणी संसर्गात ताप चढेलच असे नाही. अचानक असंबद्ध बोलणे हेच पहिले लक्षण असू शकते. चार डॉक्टरांच्या गोळ्या एकत्र आल्या की चक्कर, मग पडणे, मग खुब्याचे हाड मोडणे. ऑक्टोबर 2024 पासून सत्तरीपुढच्यांना आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला 5 लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण मुख्यतः भरती झाल्यावर. रोजच्या गोळ्या आणि डायपर खिशातूनच.