न्यायसहायक विज्ञान (लेखांक ५) : अभ्यासाची पायाभरणी

न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत काम करण्याची तयारी अकरावीला विषय निवडतानाच सुरू होते. विज्ञान शाखा तर हवीच. पण जीवशास्त्राची ओढ असलेले विद्यार्थी इथेच गणित सोडतात आणि या क्षेत्रापुरता तो निर्णय पुढे महागात पडतो. डीएनए विभागाचे काम पाहिले की त्याचे कारण कळते. या चाचणीत माणसाच्या डीएनएमधल्या वीसेक ठरावीक जागा तपासतात आणि तिथे एक छोटा क्रम लागोपाठ किती वेळा आला आहे ते मोजतात. समजा, एका जागेवरचा नमुना लोकसंख्येत दहांत एकाकडे आढळतो आणि दुसऱ्या, स्वतंत्र जागेवरचाही दहांत एकाकडे. तर दोन्ही नमुने एकत्र असलेली व्यक्ती शंभरांत एक. वीस जागांचा असा गुणाकार केला की मिळणारा आकडा थक्क करणारा असतो. मात्र सख्ख्या भावांच्या बाबतीत हा हिशेब असा सरळ चालत नाही. शिवाय ‘कोटीत एक’ म्हणजे आरोपी निर्दोष असण्याची शक्यता कोटीत एक, असेही नव्हे. योगायोगाने निवडलेल्या एखाद्या परक्या माणसाचा नमुना जुळण्याची ती शक्यता आहे. हा फरक संभाव्यताशास्त्र शिकल्याशिवाय नीट उमगत नाही, आणि तज्ज्ञालाच तो उमगला नाही तर न्यायालयापर्यंत चुकीचा अर्थ पोहोचतो.

बारावीनंतर दोन रस्ते फुटतात. एक थेट न्यायसहायक विज्ञानातल्या पदवीचा. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे त्यासाठी शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. गांधीनगरच्या राज्य विद्यापीठाला २०२० मध्ये राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाचा दर्जा मिळाला; त्याचे संकुल गोव्यातही आहे. दुसरा रस्ता रसायनशास्त्र, जैवतंत्रज्ञान, भौतिकशास्त्र अशा मूळ विषयातली बी.एस्सी. आणि त्यानंतर न्यायसहायक विज्ञानातली एम.एस्सी. हा. दुसरा रस्ता अधिक भक्कम. पहिल्यात सगळ्या शाखांची तोंडओळख लवकर होते, पण तीन वर्षांत विष, शस्त्रे, हस्ताक्षर, रक्त, संगणक असे सगळे उरकताना एकही विषय खोलवर जात नाही. त्यातच शासकीय पदांच्या जाहिराती विभागवार निघतात आणि बऱ्याच पदांना रसायनशास्त्राची पदवी लागते. राज्यातले पोलीस आणि वकील प्रयोगशाळेच्या अहवालाला आजही ‘सीए रिपोर्ट’, म्हणजे केमिकल अ‍ॅनालायझरचा अहवाल म्हणतात. या कामात रसायनशास्त्राचे वजन अजूनही तेवढे आहे. थेट पदवी घेणाऱ्यानेही निदान एका मूळ विषयावर पक्की पकड मिळवावी.

ती पकड कुठे लागते, हे एका डागावरून दिसेल. आरोपीच्या सदऱ्यावर तपकिरी डाग आहे. त्यावर गाळणकागद दाबून फिनॉल्फ्थॅलिनपासून बनवलेल्या रंगहीन अभिकर्मकाचा थेंब टाकतात, क्षणभर थांबतात आणि मग हायड्रोजन पेरॉक्साइड टाकतात. लगेच गुलाबी रंग आला तर ते रक्त असू शकते. फक्त ‘असू शकते’, कारण काही भाज्यांमधली विकरेही हाच रंग देतात. पेरॉक्साइड टाकण्याआधीच रंग आला, तर डागात दुसरेच काही ऑक्सिडीकारक द्रव्य असण्याचा संभव असतो आणि ती चाचणी ग्राह्य धरता येत नाही. म्हणून पुढची पायरी येते. ताकायामा चाचणीत पिरिडीनयुक्त द्रावण घालून काचपट्टी किंचित तापवली की रक्तातल्या हीमचे गुलाबी स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. त्यानंतर रक्त माणसाचे की जनावराचे, हा वेगळा प्रश्न. क्रम पाठ करणारा विद्यार्थी नेहमीचा डाग तपासेल. आडवळणाचा नमुना आला की अभिक्रिया समजलेलाच टिकेल.

विषशास्त्रातही तेच. दारू पिऊन वाहन चालवल्याच्या प्रकरणात कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोलची आहे. रक्ताच्या कुपीत सोडियम फ्लोराइड घातले नाही, तर सूक्ष्मजीव साठवणीतच अल्कोहोल तयार करू शकतात किंवा असलेले संपवू शकतात. रक्त काढण्यापूर्वी कातडी स्पिरिटने पुसली, तरी निष्कर्षावर शंका घेतली जाते. गॅस क्रोमॅटोग्राफीचे यंत्र कितीही महाग असो, कुपीत आलेलेच ते मोजणार.

बाकीच्या शाखांचे दरवाजे वेगवेगळे आहेत. बंदुका आणि गोळ्यांच्या तपासणीला भौतिकशास्त्र लागते, सायबर विभागाला संगणकशास्त्र. शवविच्छेदन प्रयोगशाळेतले शास्त्रज्ञ करत नाहीत, त्यासाठी एम.बी.बी.एस. आणि पुढे न्यायवैद्यकशास्त्रातली एम.डी. हा वैद्यकीय मार्ग आहे. बोटांच्या ठशांचे काम महाराष्ट्रात मुख्यतः पोलिसांच्या अंगुली मुद्रा केंद्राकडे असते आणि त्यातल्या तज्ज्ञांसाठी अखिल भारतीय स्तरावर वेगळी परीक्षा होते. अध्यापन किंवा संशोधनाकडे वळणाऱ्यांसाठी यूजीसी-नेटमध्ये न्यायसहायक विज्ञान हा स्वतंत्र विषय आहे.

अभ्यासक्रमात सर्वांत कमी लक्ष मिळते ते कायद्याला. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३९ नुसार तज्ज्ञाचे मत पुराव्यात येते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३२९ मुळे शासकीय शास्त्रज्ञाचा अहवाल त्याची साक्ष न घेताही वाचता येतो, पण न्यायालय त्याला बोलावू शकते. त्याच संहितेच्या कलम १७६(३) ने सात वर्षे किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत तज्ज्ञाने घटनास्थळी जाण्याची तरतूद केली आहे. १ जुलै २०२४ पासून संहिता लागू झाली आणि या तरतुदीसाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत मिळाली. त्यामुळे पंचनामा कसा होतो, मुद्देमाल सील कसा करतात, तो कोणाच्या ताब्यातून कोणाकडे गेला याची नोंद कशी ठेवतात, हे विद्यार्थीदशेतच हाताने करून शिकायला हवे. उलटतपासणीत बचाव पक्षाचे वकील बहुधा रसायनशास्त्राआधी सीलवर बोट ठेवतात.

अहवाललेखनाचा सरावही तितकाच गरजेचा. काय तपासले, कोणत्या पद्धतीने, काय आढळले आणि त्यावरून काय म्हणता येत नाही, हे चार मुद्दे मोजक्या वाक्यांत मांडता आले पाहिजेत. महाराष्ट्रातल्या तालुका न्यायालयांत मराठीचा वापर होतो. तिथे क्रोमॅटोग्राफी म्हणजे काय, हे सोप्या मराठीत समजावून सांगणाऱ्या तज्ज्ञाची साक्ष न्यायाधीशांना नीट कळते. महाविद्यालयात अभिरूप न्यायालय भरत असेल, तर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहण्याची संधी सोडू नये.

निवड झाल्यावर शिक्षण पुन्हा नव्याने सुरू होते. नव्या शास्त्रज्ञाला अनुभवी सहकाऱ्याच्या देखरेखीखाली ज्ञात नमुने तपासावे लागतात. एनएबीएलची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत नोकरीत मुरलेल्यांनाही प्रावीण्य चाचण्या चुकत नाहीत.