बाळाचं पहिलं खेळणं

बारशाचं आमंत्रण आलं की पहिला प्रश्न पडतो, बाळाला न्यायचं काय? झबलं-टोपडं सगळेच आणतात, तेव्हा आपण एखादं छानसं खेळणं न्यावं असं ठरतं आणि पावलं दुकानाकडे वळतात. तिथे शंभर रुपयांपासून चार-पाच हजारांपर्यंत काय वाटेल ते मिळतं. कशातून गाणी ऐकू येतात, कशावर रंगीत दिवे लुकलुकतात, एखादं अस्वल इंग्रजी मुळाक्षरं म्हणून दाखवतं. खोक्यावर ‘बुद्धीच्या विकासासाठी’ असंही छापलेलं असतं. बारा दिवसांच्या बाळासाठी यातलं काय घ्यावं?

मी तीस वर्षांहून अधिक काळ बालवाडीत शिकवलं. मोठ्या मुलाला सोडायला येणाऱ्या आईच्या कडेवर बरेचदा धाकटं असायचं, त्यामुळे तान्ह्या बाळांच्या खेळण्यांबद्दलचे प्रश्न माझ्याकडे नेहमी येत. त्यातला एक प्रश्न मला खेळण्यांपेक्षा मोठा वाटत आला आहे. घरकाम करणाऱ्या, रिक्षा चालवणाऱ्या घरांतल्या आया तो दबक्या आवाजात विचारत, “बाई, ती महागाची खेळणी काही आम्हाला परवडत नाहीत. आमचं बाळ मागे तर नाही ना पडणार?” आज मी जे सांगणार आहे, ते मुख्यतः या प्रश्नाचं उत्तर आहे.

उत्तरासाठी आधी बाळाकडे बघू. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला लांबचं स्पष्ट दिसत नाही. साधारण वीतभर ते फूटभर अंतरावरचं त्याला त्यातल्या त्यात बरं दिसतं. मांडीवर घेऊन पाजताना आईचा चेहरा जवळजवळ तेवढ्याच अंतरावर असतो. रॉबर्ट फँट्झ या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने तान्ह्या बाळांना वेगवेगळ्या चकत्या दाखवल्या आणि ती कशाकडे किती वेळ बघतात ते मोजलं. १९६१ साली त्याने आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. नुसत्या रंगाच्या कोऱ्या चकतीपेक्षा काही नक्षी असलेली चकती बाळं जास्त वेळ बघत, आणि सगळ्यांत जास्त वेळ बघत ती चेहऱ्याचं चित्र असलेली. छापील मजकुराची चकतीसुद्धा त्यांना कोऱ्या रंगापेक्षा आवडली!

म्हणजे पहिल्या दोन महिन्यांत बाळाचं खेळणं कुठलं, तर आपला चेहरा. तो जवळ न्यावा, हळू बोलावं, ओठांचा चंबू करावा आणि बाळ काय करतं याची वाट बघावी. थोड्या वेळाने तेही तोंड हलवतं, हुंकार देतं. आईचा आवाज तर त्याच्या जन्माआधीपासून ओळखीचा असतो. याउपर काही द्यायचंच असेल तर पांढऱ्या पुठ्ठ्यावर काळ्या शाईने जाड पट्टे किंवा गोल काढून बाळाच्या कुशीला दिसेल असं धरावं. फिकट गुलाबी-निळ्या रंगांची नाजूक नक्षी आपल्याला गोड वाटते, पण या वयात ती बाळाला नीट दिसतही नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात पाळण्यावरच्या चिमणाळ्याला अर्थ येतो. याबाबत कॅरोलिन रोव्ही-कॉलिअर या अमेरिकी संशोधिकेची गोष्ट सांगण्यासारखी आहे. प्रबंधाचं काम करताना तान्ह्या मुलाला रमवायचं म्हणून तिने आपल्या रुमालाचं एक टोक त्याच्या पायाला आणि दुसरं टोक वरच्या टांगत्या खेळण्याला बांधलं. बाळाने पाय झाडला की खेळणं हलायचं. थोड्याच वेळात त्याच्या ते लक्षात आलं आणि ते मुद्दाम पाय झाडू लागलं. पुढे याचाच रीतसर प्रयोग झाला आणि १९६९ साली तो प्रसिद्ध झाला. दोन-तीन महिन्यांची बाळं ही गोष्ट शिकतात आणि काही दिवस लक्षातही ठेवतात, असं त्यातून आणि नंतरच्या प्रयोगांतून दिसून आलं. हा प्रयोग घरी मात्र करू नका. बाळाच्या हातापायाला काहीही बांधणं धोक्याचं असतं. त्यातून घ्यायचं ते एवढंच की ‘मी केलं म्हणून हललं’ हा शोध बाळाला फार आनंद देतो. चावी दिली की आपोआप गरगर फिरणाऱ्या खेळण्यात हा शोध नसतो. बाळ नुसतं बघत राहतं.

चिमणाळं टांगताना एकदा स्वतः बाळाच्या जागी डोकं ठेवून वर बघा. उभ्या माणसाला चिमण्यांचे पंख, चोची सगळं दिसतं, पण खाली निजलेल्या बाळाला बहुतेकदा त्यांची पोटंच दिसतात. तेव्हा रंग आणि नक्षी खालच्या बाजूला हवी. बाळ पाच महिन्यांचं झालं, किंवा त्याआधीच हातांवर जोर देऊन उठू लागलं, तर चिमणाळं काढून ठेवावं. मग ते ओढून गळ्यात अडकण्याची भीती असते.

चौथ्या महिन्याच्या सुमारास बाळ हात लांब करून वस्तू पकडू लागतं. आता खुळखुळ्याची वेळ आली. तो हलका हवा, कारण बाळ तो हमखास स्वतःच्या तोंडावर आपटून घेतं. मूठ बारीक हवी, म्हणजे चिमुकली बोटं तिच्याभोवती वळतील. आवाज मंजुळ हवा. आपल्या कानाशी धरून वाजवा. आपल्याला नकोसा वाटला तर तो बाळालाही मोठाच आहे. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाकडी खेळणी आपल्याकडे प्रदर्शनांत मिळतात. चरकावर फिरणाऱ्या लाकडाला लाखेची रंगीत कांडी टेकवतात, घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर चढते आणि कडा गोल, गुळगुळीत होतात. अशा कामाचा खुळखुळा उत्तम. सावंतवाडीची रंगवलेली लाकडी फळं आणि भातुकली यांचं मला अतोनात प्रेम आहे, पण ती चघळण्याचं वय सरल्यावर द्यावीत.

सहा-सात महिन्यांचं बाळ बसू लागलं की खरी मौज सुरू होते. हातात येईल ते तोंडात जातं, आणि आपण ‘छी छी’ म्हणून काढून घेतो. पण या वयात तोंड हे तपासणीचं साधन आहे. गार की कोमट, मऊ की खरखरीत, हे बाळ जिभेने आणि हिरड्यांनी ओळखतं. एलिनॉर गोल्डश्मिड या ब्रिटिश बालशिक्षणतज्ज्ञ बाईंनी या वयासाठी एक सोपी युक्ती रूढ केली. एका बसक्या टोपलीत घरातल्याच, वेगवेगळ्या पोताच्या वस्तू ठेवायच्या, टोपली बाळासमोर ठेवायची आणि आपण जवळ गप्प बसायचं. काय उचलायचं ते बाळ ठरवतं.

आपल्या स्वयंपाकघरातून ही टोपली पाच मिनिटांत भरते. स्टीलची वाटी, जाड काठाचं फुलपात्र, लाकडी डाव, घासून गुळगुळीत केलेली नारळाची करवंटी, सुती पंचाचा तुकडा, आईच्या जुन्या साडीची गाठ मारून केलेली बाहुली. वाटी गार लागते, डाव लागत नाही. वाटीवर डाव आपटला की टण्ण वाजतं, पंचावर आपटला की वाजत नाही. बाळ तेच दहा वेळा करून बघतं. रोज एखाददुसरी वस्तू बदलावी, सगळं धुऊन ठेवावं, बस्स. दुकानातला कुठला संच यापेक्षा जास्त शिकवेल असं मला वाटत नाही.

आठव्या-नवव्या महिन्यात वाटीखाली लपवलेला चेंडू बाळ शोधू लागतं. त्याआधी वस्तू डोळ्यांआड झाली की ते सहसा तिच्या मागे लागत नाही. जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने स्वतःच्या मुलांची निरीक्षणं करून हे बारकाईने नोंदवलं. आपल्या घरातल्या आज्या पदराआड तोंड लपवून ‘कूऽऽक’ करतात, तो याच शोधाचा खेळ. याच सुमारास बाळ हातातली वस्तू पुन्हा पुन्हा खाली टाकतं. तो हट्ट नसतो, मूठ सोडायचा आणि वस्तू कुठे जाते ते बघायचा सराव असतो. पाठ दुखेल, पण उचलून द्या!

मग गाणारी, दिव्यांची खेळणी वाईट का? अमेरिकेतल्या ॲना सोसा यांनी दहा ते सोळा महिन्यांच्या बाळांच्या २६ घरांत एक अभ्यास केला. आई किंवा वडील बाळाशी खेळताना किती बोलतात, हे त्यांनी ध्वनिमुद्रण करून मोजलं. बॅटरीची खेळणी असताना मोठी माणसं मिनिटाला सुमारे ४० शब्द बोलली, साधी खेळणी असताना ५६ आणि पुस्तकं असताना ६७. अभ्यास छोटा आहे, पण कारण आपल्याही लक्षात येईल. खेळणं बोलू लागलं की माणूस गप्प बसतो, आणि बाळ भाषा शिकतं ती त्याला उत्तर देणाऱ्या माणसाकडून. मोबाइलवरच्या गाण्यांचंही तेच. एक वर्षाखालच्या बाळाला पडद्यासमोर बसवूच नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्पष्ट सांगितलं आहे.

आता सुरक्षिततेचं थोडं सविस्तर, कारण इथे चूक परवडत नाही. खेळणं किंवा त्याचा सुटणारा भाग बाळाच्या घशात अडकेल एवढा लहान नको. खेळण्यांच्या तपासणीत सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाची नळी वापरतात. तिच्यात जे पूर्ण मावतं ते तीन वर्षांखालच्या मुलाला द्यायचं नसतं. बाहुलीचे शिवलेले मणी-डोळे, घुंगरू, गाडीची चाकं ओढून बघा. मनगटीतले काळे मणीसुद्धा दोरा तुटला की हेच करतात. वीतभरापेक्षा लांब दोरी नको. चपट्या गोल बॅटरीचं खेळणं असेल तर तिचं झाकण स्क्रूने बंद होणारं हवं. ही बॅटरी गिळली गेली तर अन्ननलिकेला दोन तासांतही गंभीर जखम होऊ शकते. तशी शंकाही आली तर वाट न बघता रुग्णालय गाठा.

रंगाचं बघायचं ते त्यातल्या शिशामुळे. शिसं शरीरात गेलं तर मेंदूच्या वाढीला अपाय होतो, आणि बाळ तर खेळणं चघळणारच. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, ते पाहून घ्या. नोंदणीकृत हस्तकारागिरांच्या खेळण्यांना यातून सूट आहे, म्हणून तिथे कारागिराला किंवा विक्रेत्याला रंग कुठला लावला ते विचारा. ओला पांढरा रुमाल घासून रंग निघतो का तेही पाहा. रंग निघाला तर ते खेळणं नको. मात्र रंग निघाला नाही, म्हणजे त्यात शिसं नाहीच असा अर्थ होत नाही.

आणि एक. चाकांच्या गोल चौकटीत बाळाला बसवायचा ‘वॉकर’ भेट देऊ नका. त्याने बाळ लवकर चालत नाही, मात्र जिन्यावरून कोसळण्याचा, गरम भांड्यापर्यंत पोहोचण्याचा धोका असतो. कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीवर बंदीच घातली. आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा. तो बाळ स्वतः उभं राहून ढकलतं. तो द्यावा, पण बाळ धरून उभं राहू लागल्यावर आणि कुणी सोबत असताना.

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालवाडीचं काम सुरू केलं, तेव्हा खेड्यातल्या मुलांना महागडी साधनं परवडणार नाहीत हे ओळखून भोवतीच्या वस्तूंतूनच साधनं घडवली. ती मुलं थोडी मोठी होती, पण विचार तान्ह्या बाळालाही लागू पडतो. त्या दबक्या आवाजात विचारणाऱ्या आयांना मी हेच सांगत आले. तुमचं बाळ खेळण्यावाचून मागे पडणार नाही. कामावरून आल्यावर दहा मिनिटं त्याला समोर घ्या, त्याच्याशी बोला, हातात वाटी द्या आणि ते काय करतं ते बघा. घरी आजी किंवा मोठी ताई असेल तर तिलाही हे सांगून ठेवा.

बारशाला रिकाम्या हाताने जायचं नसेल, तर एक मऊ कापडी चेंडू किंवा साधा लाकडी खुळखुळा न्या. आणि जमलं तर एखाद्या दुपारी बाळाजवळ बसायला जा. तेवढ्या वेळात त्याच्या आईची झोप होईल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)