एनीडेस्क कायम चालू ठेवताय?

पनवेलच्या बाजारातल्या एका दुकानदारांचा पीसी परवा बघितला. सीए घरून टॅली बघतात म्हणून एनीडेस्क कायम चालू, आणि पासवर्ड दुकानाचंच नाव! तो आधी बदलला.

अनअटेंडेड अ‍ॅक्सेस (समोर कोणी नसताना पासवर्डने जोडणं) लागत नसेल तर बंदच ठेवा. लागतच असेल तर लांबलचक पासवर्ड, टू-फॅक्टर आणि अ‍ॅक्सेस कंट्रोल लिस्टमध्ये फक्त सीएंचा आयडी.

मधेच स्क्रीन अडकते? बऱ्याचदा तिकडे विंडोज परवानगी मागत असतं. इन्स्टॉल न करता चालवलेल्या एनीडेस्कला ती विंडो दिसत नाही. रीतसर इन्स्टॉल करा.

‘बँकेतून बोलतोय, एनीडेस्क हे अ‍ॅप टाका’ असा फोन आला तर सरळ कट करा. रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच सावध केलं होतं. पैसे गेलेच तर आधी नेट बंद, मग लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन.

काही अडलं तर कमेंटमध्ये विचारा.