हात पालथा होतो कसा? बिबट्याला जमतं, मग बैलाला का नाही?

तळहात वर करा. आता खाली करा. कोपर जागचं हललं नाही, तरी हात पालथा झाला! ही किमया कोपर ते मनगट या भागातल्या दोन हाडांची. करंगळीच्या बाजूचं ‘अल्ना’ जवळपास स्थिर राहतं आणि अंगठ्याच्या बाजूचं ‘रेडियस’ त्याच्यावरून तिरकं फिरतं.

नाशिक जिल्ह्यात उसात वावरणाऱ्या बिबट्याचीही ही हाडं सुटी असतात. म्हणून तो पंजा थोडा आत वळवून झाडाचं खोड कवटाळतो, भक्ष्य पकडतो. त्याच शिवारातल्या बैलाच्या पुढच्या पायात मात्र ती एकमेकांना जोडलेली असतात. पाय असा वळत नाही, पण वजन पेलताना पिळतही नाही. घोड्याचंही तसंच. बेडकात दोन्हींचं मिळून एकच हाड होतं. वटवाघळात रेडियस लांबलचक, तर अल्ना बारीक.

आराखडा एकच, कामानुसार बदललेला.

म्हणूनच हात मोडला तर ‘आपोआप जुळेल’ म्हणून थांबू नका, एक्स-रे काढा. ही हाडं वाकडी जुळली, तर किल्ली फिरवणं, भाकरी थापणं, रामकुंडावर ओंजळ भरणंही अवघड होऊ शकतं.