झोपेची गोळी सोडताना
आपण जळकोटला असा वा लातूरला. थोड्या दिवसांसाठी लिहून दिलेली अल्प्राझोलामची गोळी वर्षानुवर्षे उशाशी राहिली आहे का? काही आठवड्यांतच शरीर तिला सरावते. उतारवयात तिच्यामुळे तोल जातो, विस्मरण वाढते. परंतु घरच्यांनी काळजीपोटी गोळ्या फेकून देऊ नयेत. एकाएकी थांबल्यास निद्रानाश, घबराट, कंप, क्वचित आकडीही येते. हा मनाचा दुबळेपणा नव्हे, सरावलेल्या शरीराची प्रतिक्रिया होय. डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा हळूहळू, आठवडे किंवा महिने घेऊन उतरवावी. २०१४ पासून या औषधाच्या विक्रीची स्वतंत्र नोंद औषधविक्रेत्यास ठेवावी लागते. जुन्या चिठ्ठीवर ते मागू नये. रात्र कठीण वाटल्यास ‘टेली-मानस’च्या १४४१६ क्रमांकावर विनामूल्य बोलता येते.