पूर ओसरल्यावरची शाळा
(लेखमाला : पाणी आणि पाटी / लेखांक ४)

अतिवृष्टीचा इशारा आला की जिल्हाधिकारी शाळांना सुटी देतात, हे मागच्या आठवड्यात आपण पाहिलं. जुलै २०२२ मध्ये चंद्रपूर-गडचिरोलीने अशा सुट्या अनुभवल्या. पण ही सुटी पावसाची असते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरी तालुक्यातल्या मुलांची शाळा बुडते ती बरेचदा पाऊस उघडल्यावर.

तालुक्याच्या पूर्वेला वैनगंगा, दक्षिणेला वर्धा. दोघींचा संगम याच तालुक्याच्या टोकाला होतो आणि पुढे प्राणहिता वाहते. वैनगंगेत पाणी येतं ते मध्य प्रदेशातून आणि भंडारा जिल्ह्यातल्या गोसीखुर्द धरणाच्या ३३ दरवाजांतून. ऑगस्ट २०२० अखेरचा महापूर असाच वरून आला होता. तेव्हा करोनामुळे शाळा बंदच होत्या, त्यामुळे पुराने बुडवलेले दिवस वेगळे दिसलेच नाहीत.

मोठी नदी तुडुंब भरली की नाल्याचं पाणी तिच्यात उतरत नाही, उलट मागे फुगतं. नाल्यावरचा रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, पाण्याखाली जातो. वर लख्ख ऊन, शाळा सुरू, गुरुजी हजर, आणि नाल्यापलीकडची मुलं हजेरीपटावर गैरहजर! सुटीच्या दिवशी निदान सगळ्यांचंच शिकणं राहतं. इथे वर्ग पुढे जातो आणि तीच चार-पाच मुलं दरवर्षी मागे पडतात.

यातही मोठ्या मुलींचं नुकसान अधिक. शिक्षण हक्क कायद्यानुसार पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत, आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत हवी. नववीपासून मात्र भरवसा मानव विकास कार्यक्रमाच्या, मुलींसाठीच्या बसवर. रपटा बुडाला की बस येत नाही. त्यातच बांधीतलं धान सडलं तर पुन्हा रोवणी. मग घरातली हाताशी आलेली पोर आईसोबत चिखलात उतरते. तिला दोष कसा द्यायचा?

आणखी एक नुकसान सहसा पंचनाम्याबाहेर राहतं. पुस्तकं भिजली तर दुसरी मिळू शकतात. पण लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यातलं दाखलखारीज रजिस्टर भिजलं, शाई पसरली, पानं चिकटली, तर? जन्मतारीख आणि जात यांची ती नोंद. आदिवासी कुटुंबाला जातवैधतेसाठी आजोबांच्या नावाची तीच ओळ लागते. हे रजिस्टर वरच्या कप्प्यात हवं आणि त्याची स्कॅन केलेली प्रत तालुक्याला हवी. याला फारसा खर्चही नाही.

धरणाचे दरवाजे उघडल्याचा निरोप तहसीलमार्फत गावात जातो, दवंडी होते. तोच निरोप त्याच वेळी मुख्याध्यापकांना मिळायला हवा, आणि रपट्यापलीकडच्या मुलांना त्या दिवसांची गैरहजेरी लावू नये. बुडालेले धडे पाणी उतरल्यावर त्यांच्याच गावात भरून काढावेत. पहिली ते पाचवीला वर्षाचे २०० दिवस आणि सहावी ते आठवीला २२० दिवस कायद्याने ठरवलेत, ते नाल्यापलीकडच्या मुलांनाही मिळाले पाहिजेत.

पुढच्या लेखांकात भामरागडची पर्लकोटा नदी आणि आश्रमशाळा.